सोलापुरात गच्चीवरून मध्यान्ह सूर्य: अक्षांश जमतो, रेखांश कधी अक्कलकोट तर कधी मोहोळ

घड्याळवाला_नवीपेठ (सोलापूर)

नमस्कार मंडळी. नवी पेठेत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. समुद्राशी संबंध एवढाच की भाचा बोटीवर डेक कॅडेट आहे. मागच्या सुट्टीत आला तेव्हा सरावाचा प्लॅस्टिकचा सेक्स्टंट (सूर्य क्षितिजापासून किती अंश वर आहे ते मोजायचं यंत्र) माझ्याकडेच ठेवून गेला. "मामा, तुम्हाला बारीक काट्यांची सवय आहे, बघा जमतंय का." तेव्हापासून बाराच्या सुमाराला शटर अर्धं ओढायचं आणि गच्ची गाठायची, असा नाद लागलाय.

इथं समुद्राचं क्षितिज कुठून आणायचं? म्हणून परातीत गॅरेजमधलं जळकं ऑइल ओततो. आधी पाणी घेऊन बघितलं, पण झुळूक आली की सूर्याचे तुकडे होतात. काळं ऑइल बरं पडतं, प्रतिबिंब फक्त वरच्या थरावरून येतं, परातीचा तळ मधे मधे करत नाही. परातीतला सूर्य सरळ बघायचा, आभाळातला सेक्स्टंटच्या आरशातून खाली आणायचा आणि एकावर एक बसवायचा. दोन्ही बाजूंना गडद काचा, हे सांगायला नको. जो कोन येतो तो उंचीच्या दुप्पट. शेजारच्या काकूंनी एकदा कठड्यावरून विचारलंच, "काय करालाव ओ, तेलात तोंड बघालाव का?"

अक्षांश झकास येतो. २१ डिसेंबरचं उदाहरण देतो. (कोनाच्या मिनिटाला मी कला लिहितोय, नाहीतर घड्याळाच्या मिनिटाशी घोळ होईल.) इंडेक्स एरर (यंत्राची मूळचीच शून्याची चूक) काढून टाकल्यावर सगळ्यात मोठा कोन मिळाला ९७ अंश ५० कला. त्याचा अर्धा ४८ अंश ५५ कला. हवेत किरण वाकतो त्याची पाऊण कला वजा. ते ९० अंशांतून घालवले की ४१ अंश पावणेसहा कला. त्यातून सूर्याची दक्षिण क्रांती (तो विषुववृत्ताच्या किती दक्षिणेला आहे ते) २३ अंश २६ कला वजा केली, उरले १७ अंश पावणेचाळीस कला. मोबाइल सांगतो १७ अंश ४० कला. आणखी काय पाहिजे?

घोडं अडतंय रेखांशावर. सूर्य सगळ्यात उंच असतो ती वेळ टिपतो, अल्मनॅकमधून (सूर्याच्या रोजच्या जागांची पुस्तिका) त्या दिवशीच्या मध्यान्हाचा आकडा घेतो, फरकाच्या दर चार मिनिटांना एक अंश धरतो. उत्तर एक दिवस मला अक्कलकोटला नेऊन ठेवतं, दुसऱ्या दिवशी मोहोळला. घड्याळावर संशय घेऊ नका, तो माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. रोज आकाशवाणीच्या ठोक्यांशी ताडून बघतो, सेकंदाची चूक नाही.

तर प्रश्न असे. एक, अक्षांश इतका बरोबर येतो आणि रेखांश इतका भरकटतो, हे कसं? दोन, भाचा म्हणतो की बोटीवर मध्यान्हाच्या सूर्यावरून फक्त अक्षांश काढतात. मग दोन्ही मिळतात असं म्हणणारे लोक काय करतात? तीन, मे महिन्यात सोलापुरात सूर्य पार डोक्यावर येतो. तेव्हा खलाशी काय करत असतील?

---

तिसरी_अधिकारी (मूळ गाव बार्शी)

मामाच म्हणते, चालेल ना?

तुमचा भाचा बोलतो ते परीक्षेपुरतं शंभर टक्के खरं. बोटीवरची पद्धत अशी: सकाळी आठ-नऊच्या दरम्यान सूर्य पूर्वेकडे असताना एक निरीक्षण घ्यायचं. त्यातून नकाशावर एक रेषा मिळते, आपण त्या रेषेवर कुठंतरी आहोत एवढंच कळतं. मग दुपारपर्यंत बोट ज्या दिशेने जितकी गेली तितकी ती रेषा पुढे सरकवायची. मध्यान्हाला अक्षांश काढला की तो त्या रेषेला जिथं कापतो ती नून पोझिशन, म्हणजे दुपारची आपली जागा. रेखांश येतो तो सकाळच्या सूर्यातून, दुपारच्या नाही.

सेकंड मेटच्या (बोटीवरच्या अधिकाऱ्याच्या) परीक्षेला हे सगळं आजही आहे. ब्रिजवर मात्र इलेक्ट्रॉनिक चार्टवर टिंब सरकत असतं, त्यामुळे सेक्स्टंट पेटीतच राहतो. गेल्या काही वर्षांत आखाताकडे आणि तांबड्या समुद्रात जीपीएसची गडबड वाढली, टिंब भलत्याच ठिकाणी उड्या मारायला लागलं, तेव्हा आमच्या कॅप्टनने सगळ्यांना पुन्हा सूर्य घ्यायला लावला.

मध्यान्हाच्या आसपासच दोन्ही काढायची पद्धत ऐकून आहे, केलेली नाही. जाणकार सांगतीलच.

---

जुना_डेकवाला (जुळे सोलापूर, निवृत्त चीफ ऑफिसर)

घड्याळवाले, तुमची पोस्ट वाचून फार बरं वाटलं. आमच्या काळी सोलापूरचा पोरगा बोटीवर जातो म्हटलं की लोक आधी विचारायचे, पोहायला येतं का. सेक्स्टंट कुणी विचारला नाही.

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं.

तुम्ही लंबकाची घड्याळं उघडता. लंबक टोकाला जातो तेव्हा तो किती लांब गेला हे बिनचूक सांगता येतं, पण नेमका कोणत्या क्षणी वळला हे डोळ्याला दिसत नाही. मध्यान्हाचा सूर्य तसाच. ज्या कारणाने तुमचा अक्षांश छान येतो त्याच कारणाने रेखांश बिघडतो: सूर्य वर जाऊन रेंगाळतो.

किती रेंगाळतो ते आकड्यांत बघा. डिसेंबरअखेर सोलापूरच्या अक्षांशावर मध्यान्हाच्या एक मिनिट आधी किंवा नंतर सूर्य माथ्याच्या उंचीपेक्षा फक्त २.६ विकला खाली असतो (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). पुढे हा फरक मिनिटांच्या वर्गाने वाढतो. पाच मिनिटांवर जेमतेम एक कला, दहावर सव्वाचार, विसावर साडेसतरा, चाळिसावर जवळपास सत्तर. म्हणजे मध्यान्हाच्या पाच मिनिटं आधीपासून पाच मिनिटं नंतरपर्यंत सूर्य एकाच कलेत घुटमळतो. परातीत कोन दुप्पट होतो असं धरलं तरी दोन कला. प्लॅस्टिकच्या सेक्स्टंटला तेवढं कळत नाही. आणि त्या दहा मिनिटांत रेखांश सरकतो अडीच अंश, म्हणजे बारामतीपासून हुमनाबादपर्यंत कुठेही तुम्ही असू शकता. तुम्ही अक्कलकोट-मोहोळच्या आत राहिलात याचा अर्थ तुमचा डोळा चांगला आहे.

तेव्हा "सर्वांत उंच" ही वेळ टिपणं सोडून द्या. बोटीवरही जे लोक असं करून रेखांश लॉगबुकात लिहितात त्यांचं मला कधी पटलं नाही.

आता दुसरा प्रश्न. माथा बघायचा नाही, माथ्याच्या दोन्ही बाजूंचे उतार बघायचे. मध्यान्हाच्या पाऊण तास आधी सूर्य चांगला चढत असतो, मिनिटाला साडेतीन कला या हिशोबाने. तेव्हा त्याने एखादी उंची ओलांडली की तो क्षण सेकंदावर टिपता येतो. मध्यान्हानंतर उतरताना तो तीच उंची पुन्हा ओलांडतो. दोन्ही वेळांचा मध्य म्हणजे मध्यान्ह. माथ्याकडे बघायचं ते फक्त अक्षांशासाठी.

तुमच्याच २१ डिसेंबरवर मांडून दाखवतो. त्या दिवशी सोलापूरची मध्यान्ह १२:२४ आणि १२:२५ च्या दरम्यान. सकाळी पावणेबाराच्या जरा आधी सेक्स्टंट ९५ अंश ३० कलांवर लावून ठेवा आणि वाट बघा. दोन सूर्य हळूहळू जवळ येतील. समजा ११:४४:२२ ला बसले. आता ड्रमला (कोन लावायच्या चकतीला) हात लावायचा नाही, तोच कोन ठेवायचा. दुपारी समजा १३:०४:५० ला पुन्हा बसले. बेरीज करून निम्मे केले की १२:२४:३६. वेलांतर, म्हणजे सूर्याच्या आणि घड्याळाच्या वेळेतला फरक, त्या दिवशी जवळपास दोन मिनिटं, सूर्य घड्याळाच्या पुढे. समजा १ मिनिट ५८ सेकंद. ते मिळवले की १२:२६:३४. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशाची, म्हणजे आपण तिच्यापेक्षा २६ मिनिटं ३४ सेकंद मागे. चार मिनिटांना एक अंश धरून ६ अंश साडेअडतीस कला. ८२ अंश ३० कलांतून वजा केले: ७५ अंश साडेएक्कावन्न कला. नवी पेठ आहे ७५ अंश ५४ कलांच्या आसपास. पाचेक किलोमीटरची चूक. प्लॅस्टिकच्या यंत्राला यापेक्षा जास्त मागू नये.

एकाच जोडीवर मात्र थांबू नका. ९५ अंश ३० ला एक वेळ, ९५ अंश ५० ला दुसरी, ९६ अंश १० ला तिसरी, अशा पायऱ्या घ्या. उतरताना उलट क्रमाने त्याच पायऱ्या येतात. प्रत्येक जोडीचा मध्य वेगळा काढा. सगळे काही सेकंदांच्या आत आले तर सरासरी घ्या. एखादा फटकून वागला तर त्या वेळी वारा होता का ते आठवा आणि तो टाकून द्या.

या पद्धतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट: उंची किती हे खरं असण्याची गरजच नाही. दोन्ही वेळेला सारखी असली की झालं. इंडेक्स एरर, किरणांचं वाकणं, सूर्याची त्रिज्या, सगळं दोन्ही बाजूंना सारखंच लागतं आणि मध्य काढताना उडून जातं. वेळ तेवढी बिनचूक हवी, चार सेकंदांना एक कला. ती तुमच्याकडे आहे, बोटीवरच्या कित्येकांकडे नसायची.

दोन सूचना. दोन सूर्य एकावर एक बसवण्यापेक्षा कडेला कड टेकवा. बरोबर झाकला गेला का हे डोळ्याला नीट कळत नाही, टेकलं का ते लगेच कळतं. अक्षांश काढताना मग अर्धा व्यास जमेस धरावा लागेल, डिसेंबरात १६.३ कला. आणि ऑइल पातळ वाटत असेल तर काकवी वापरून बघा. जुने सर्वेक्षक पारा वापरत, तो नसला की काकवीसारखं दाट काहीतरी चालवत. आपल्या जिल्ह्यात उसाला काय तोटा? परातीवर वाऱ्यासाठी काच ठेवाल तर निम्म्या निरीक्षणांनंतर ती उलटी फिरवा. काचेच्या दोन्ही बाजू अगदी समांतर कधीच नसतात, फिरवल्याने ती चूक इकडची तिकडे होऊन कटते.

बोटीचं वेगळं, कारण बोट जागेवर नसते. पूर्व-पश्चिम गेलात तर फारसं बिघडत नाही, मध्याच्या क्षणी जिथं असाल तिथला रेखांश मिळतो. उत्तर-दक्षिण चाल घोटाळा करते. डिसेंबरात १७-१८ अंश उत्तर अक्षांशावर बोट १५ नॉटने (तासाला १५ सागरी मैल, म्हणजे १५ कला) सरळ उत्तरेला चालली असेल, तर सूर्याची सर्वांत जास्त उंची खऱ्या मध्यान्हाच्या जवळजवळ तीन मिनिटं आधीच येऊन जाते, कारण आपण सूर्यापासून लांब पळत असतो. तीन मिनिटं म्हणजे पाऊण अंशाच्या जवळ रेखांश! इलाज सोपा आहे. दोन निरीक्षणांमध्ये ८० मिनिटं असतील तर बोट २० कला उत्तरेला गेली. म्हणून दुपारच्या निरीक्षणाला सेक्स्टंट सकाळपेक्षा २० कला कमी लावायचा. मग मध्य पुन्हा जागेवर येतो. बोट दक्षिणेला जात असेल तर २० कला जास्त.

गच्चीवरसुद्धा याचा एक बारीक भाऊबंद भेटेल. मार्चमध्ये सूर्याची क्रांती तासाला एक कला बदलते, तेव्हा मध्य पाचेक सेकंदांनी सरकतो, म्हणजे सव्वा कला. डिसेंबरअखेर क्रांती जवळजवळ थांबलेली असते, तेव्हा दुर्लक्ष करा.

तिसरा प्रश्न, मे महिना. हा माझा आवडता. बहुतेकांना वाटतं की सूर्य डोक्यावर आला की सेक्स्टंटचा काही उपयोग नाही. खरं तर तेव्हाच एकट्या सूर्यावर दहा मिनिटांत पुरी जागा मिळते.

पृथ्वीवर कुठल्याही क्षणी एक ठिकाण असं असतं की तिथं सूर्य बरोब्बर माथ्यावर असतो. त्या ठिकाणाचा अक्षांश म्हणजे सूर्याची क्रांती, रेखांश अल्मनॅकमधून. तुम्हाला सूर्य ८९ अंशांवर दिसला तर तुम्ही त्या ठिकाणापासून ६० कला, म्हणजेच ६० सागरी मैल लांब. एरवी हे अंतर हजारो मैल असतं, वर्तुळ नकाशात मावत नाही, म्हणून लोक त्याचा छोटा तुकडा सरळ रेषा म्हणून काढतात. सूर्य ८८ अंशांच्या वर असेल तर कंपास घ्या आणि सरळ चार्टवर वर्तुळ काढा.

मेच्या मध्याला कोकणाबाहेर आपण १७ अंश उत्तरेला आहोत आणि क्रांती १८ अंश उत्तर आहे असं धरू. मध्यान्हाला सूर्य उत्तरेला, ८९ अंशांवर. चार मिनिटं आधी तो ईशान्येला होता, ८८ अंश ३७ कलांवर. चार मिनिटांनी तो वायव्येला असेल, तेवढ्याच उंचीवर. आठ मिनिटांत दिशा जवळजवळ काटकोनात फिरली. अशा वेळी तीन निरीक्षणं, तीन वर्तुळं, आणि छेद इतका स्वच्छ येतो की पहाटेच्या ताऱ्यांनाही हेवा वाटावा. तिन्ही वर्तुळांची केंद्रं मात्र वेगळी, कारण सूर्याखालचं ते ठिकाण मिनिटाला १५ कला पश्चिमेला पळत असतं.

कष्ट आहेत ते सूर्य क्षितिजावर टेकवण्यात. इतक्या वर असताना सेक्स्टंट झुलवला की प्रतिबिंब अर्ध्या क्षितिजावरून फिरून येतं, आणि आपण नेमकं कुठल्या बाजूला तोंड करून मोजतोय हेच कळत नाही. म्हणून आधी दिशा काढून ठेवायची, कंपास बघून तिकडे तोंड करायचं, थोडंसंच झुलवायचं. घाई केलेली चालत नाही, आणि वेळ तर नसतो.

तुमच्या परातीत मात्र मे महिना विसरा. सेक्स्टंटची कमान १२० अंशांच्या थोडी पुढे संपते, परात कोन दुप्पट करते, तेव्हा ६० अंशांच्या वरचा सूर्य परातीत मोजता येत नाही. सोलापुरात मध्यान्ह सूर्य ६० अंशांच्या आत असतो तो साधारण ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. तुमचा हंगाम तेवढाच.

---

शंकू_छाया (सोलापूर)

डेकवाल्यांनी सांगितलेली सारख्या उंचीची युक्ती आपल्याकडे चांगलीच जुनी आहे. सूर्यसिद्धांताच्या त्रिप्रश्नाधिकारात सपाट जमिनीवर शंकू (सावलीसाठी सरळ काठी) उभा करायचा, भोवती वर्तुळ काढायचं, सावलीचं टोक सकाळी वर्तुळाला शिवतं आणि दुपारी पुन्हा शिवतं ते दोन बिंदू जोडायचे, असं दिलंय. पूर्व-पश्चिम रेषा मिळते. सावली सारखी म्हणजे उंची सारखी. तिथं दिशेसाठी वापरली, इथं वेळेसाठी. मी निवृत्त शिक्षक, शाळेच्या मैदानावर मुलांकडून हे करून घ्यायचो. पुढच्या बाकावरच्या हुशार मुलांपेक्षा मागच्या बाकावरची पोरं यात जास्त रमायची, हा माझा अनुभव.

घड्याळवाल्यांना एक सोपी पडताळणी सुचवतो. दाते पंचांग आपल्या सोलापुरातूनच निघतं, घरात असेलच. सोलापूरचे सूर्योदय-सूर्यास्त घेऊन मध्य काढा, मिनिटाच्या आत मध्यान्ह मिळेल. वर्षभर काढून बघितलंत तर मजा दिसेल: नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह १२:१० ला, फेब्रुवारीच्या मध्याला १२:४० च्या पुढे. वेलांतराचा सगळा खेळ. निरीक्षणाला बसायची वेळ त्यावरून ठरवा, नाहीतर फेब्रुवारीत साडेबाराला गच्चीवर जाऊन सूर्य अजून चढतोच कसा म्हणून बसाल.

आणि मे महिना अगदीच वाया जात नाही. क्रांती आपल्या अक्षांशाइतकी झाली की शून्य सावली. सोलापुरात ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. ऑगस्टची बहुतेक ढगात जाते. मेमध्ये ओळंबा लावून उभी नळी ठेवा आणि कोणत्या दिवशी सावली नाहीशी होते ते बघा. त्या दिवशीची क्रांती हाच तुमचा अक्षांश, सेक्स्टंट नको की परात नको. दिवसाला क्रांती पंधरा कला बदलते तेव्हा, त्यामुळे यापेक्षा बारीक उत्तर मागू नका.

---

घड्याळवाला_नवीपेठ

सगळ्यांचे आभार. डेकवाले साहेब, तुमचं उत्तर छापून काउंटरच्या काचेखाली ठेवलंय. गिऱ्हाईक वाचतात आणि विचारतात, हे कुठल्या घड्याळाचं?

पायऱ्या घेऊन बघितल्या. फरक लगेच जाणवला. माथ्याजवळ दोन सूर्य नुसते एकमेकांवर बसून राहायचे, मी आपला "आता? आता?" करत. चढावर तसं नाही. कडा जवळ येतात, मधली काळी फट बारीक होते, दोऱ्याएवढी उरते आणि एकदम नाहीशी होते. त्या क्षणी स्टॉपवॉच दाबायला काही विचार करावा लागत नाही. उतरणीवर तेच उलटं, चिकटलेले सूर्य सुटतात. जोड्यांचे मध्य पंधरा-वीस सेकंदांच्या आत आले. रेखांश आता अक्कलकोट रोडला कुंभारीच्या आसपास येतो, म्हणजे पाचेक कला. अक्कलकोटपर्यंत जात नाही.

पण उत्तर कायम पूर्वेलाच पडतंय, पश्चिमेला कधीच नाही. हे काय? चूक अशी एका बाजूची असली की यंत्रात काहीतरी सरकतंय असं आमच्या धंद्यात समजतात.

काकवीचं सांगायचं तर सूर्य तिच्यात सुंदर दिसतो, अजिबात हलत नाही. पण दुपारच्या निरीक्षणाला येईपर्यंत परातीच्या कडेने मुंग्यांची रांग. बायकोने परातीवर हक्क सांगितलाय. परत ऑइलवर आलो.

---

जुना_डेकवाला

एका बाजूची चूक म्हणालात, धंदा बोलतोय तुमचा. सेक्स्टंट सकाळच्या निरीक्षणानंतर कुठं ठेवता? उन्हात कठड्यावर ठेवत असाल तर उत्तर तिथंच आहे. प्लॅस्टिक तापलं की फुगतं, आरसे किंचित हलतात, इंडेक्स एरर बदलते. सारख्या उंचीत इंडेक्स एरर कटते ती दोन्ही वेळेला एकच असेल तर. सकाळी एक आणि दुपारी दुसरी असेल तर तेवढा फरक सरळ मध्यात घुसतो. तुमचं उत्तर पूर्वेला जातंय म्हणजे मध्य लवकर येतोय, म्हणजे दुपारी सूर्य ठरलेल्या कोनावर जरा आधीच पोचतोय. परातीतल्या कोनावर चार-पाच कलांचा फरक पडला तरी मध्य वीसेक सेकंदांनी सरकतो, आणि तेवढ्याने तुमची कुंभारी होते.

म्हणून निरीक्षणाच्या अर्धा तास आधी सेक्स्टंट गच्चीवर सावलीत आणून ठेवा, घरातल्या गारव्यातून एकदम उन्हात नको. मधल्या वेळात पेटीत, पेटी सावलीत. पहिल्या पायरीच्या आधी आणि शेवटच्या पायरीनंतर इंडेक्स एरर काढा, थेट सूर्यावरच, दोन्ही कडा टेकवून. मधल्या पायऱ्यांना हात लावू नका. दोन आकडे वेगळे आले तर दुपारच्या कोनांना तेवढी दुरुस्ती द्या.

आणखी एक. ड्रम नेहमी एकाच दिशेने फिरवून आकड्यावर आणा. पुढे जाऊन मागे आणलात तर दातांमधली ढील मोजमापात येते. हे तुम्हाला मी काय सांगावं!

---

तिसरी_अधिकारी

हे सगळं वाचून आमच्या कॅडेटला पाठवलं. एक विचारू का, डेकवाले सर? मामांचा परातीचा हंगाम फेब्रुवारीत संपतो म्हणालात. मग हिप्परग्याच्या तलावावर जाऊन पलीकडच्या काठाला क्षितिज धरलं तर? कोन दुप्पट होणार नाही, ६० अंशांची अडचणही नाही.

---

जुना_डेकवाला

चालेल, पण काठ म्हणजे खरं क्षितिज नव्हे, ते जवळ असतं, म्हणून नजर जास्त खाली झुकते. पलीकडची पाण्याची कड एक सागरी मैलावर असेल आणि डोळा पाण्यापासून साडेपाच फूट वर, तर साडेतीन कला वजा कराव्या लागतील. कड जितकी जवळ तितकी ही दुरुस्ती मोठी, अर्ध्या मैलावर साडेसहा कलांपर्यंत जाते. तेव्हा अंतर नकाशावर आधी मोजून घ्या. उत्तरेच्या काठावर उभं राहा, पाणी दक्षिणेला हवं. पाण्याची रेघ बघायची, तिच्या वरची झाडं नाहीत.

अक्षांशाला एवढं पुरेल. रेखांशाला एक मेख आहे. सकाळी सूर्य दक्षिणेच्या पूर्वेला, दुपारी पश्चिमेला, म्हणजे दोन्ही वेळेला काठाच्या वेगळ्या भागावर टेकणार. एका बाजूचा काठ मैलावर आणि दुसऱ्या बाजूचा अर्ध्या मैलावर असेल तर "सारखी उंची" सारखी राहत नाही. दोन्ही दिशांची दुरुस्ती वेगळी काढून दुपारचा कोन तेवढा बदलून लावा. आणि घड्याळवाल्यांनी शटर अर्धं नाही, पूर्ण ओढून या, दोन-अडीच तास तरी जातील.